पेट्रोल पंपापर्यंत

आईचं घर आवरायला घेतल्यापासून तिचा पाय एका खोलीत ठरत नव्हता. कपाट उघडायचं, चार कपडे पलंगावर टाकायचे, तेवढ्यात आठवायचं की स्वयंपाकघरातली वरची फळी अर्धीच रिकामी झाली आहे. तिकडे जाऊन स्टुलावर चढायचं, एक डबा खाली घ्यायचा, आणि तो हातात असतानाच बाल्कनीतल्या कुंड्या कोणाला द्यायच्या हा प्रश्न पडायचा. सकाळपासून सगळ्या खोल्यांत सगळी कामं सुरू झाली होती आणि एकही संपलं नव्हतं.

मावशी पलंगाच्या कडेला बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. आईची ही धाकटी बहीण बसली की बसली, पण तिची जीभ कधी बसत नसे.

"अगं, टेक की जरा. तुझ्याकडे बघून मलाच भोवळ यायला लागली."

"टेकले तर उठणार नाही मी."

"मग नको उठूस. कुठे गाडी चुकतेय तुझी?"

"गाडीवरून आठवलं. त्या माणसाचा फोन आला होता. शनिवारी येऊन घेऊन जातो म्हणतोय."

मावशीचे हात थांबले. "विकायचीच का पण?"

"मग काय करू? मला माझी आहे. आणि तिला दोन ब्रेक आहेत, मावशी. असली गाडी घेऊन मी शाळेत जाऊ? पोरं वर्षभर खायला उठतील."

आईची गाडी लहान, पिवळट रंगाची, आणि सकाळी खोकल्याशिवाय सुरू न होणारी. आईने नोकरीची सगळी वर्षं रुग्णवाहिका चालवली होती. निवृत्त झाल्यावर घरी बसायचं सोडून ती चर्चच्या जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसायला लागली. त्या चर्चमध्ये रविवारी वेगवेगळ्या वेळांना वेगवेगळ्या भाषांतल्या मंडळ्यांची उपासना चाले. देश सोडून, जीव वाचवून आलेली माणसं ती. त्यांचे पाळकही त्यांच्याबरोबर आलेले, त्यांच्याइतकेच उघड्यावर पडलेले. आठवडाभर कोणी इस्त्री करी, कोणी शिवणकाम, कोणी पहारा देई, आणि रविवारी तेच लोक धुतलेला सदरा घालून इतरांना धीर द्यायला उभे राहत. लोक आपलं गाऱ्हाणं घेऊन पाळकाकडे जातात, मग पाळकाने कुठे जायचं, असं आईला एकदा वाटलं आणि ते तिला उरलेल्या आयुष्याला पुरलं. ती त्यांच्याबरोबर कचेऱ्यांच्या रांगांत उभी राही, त्यांच्या मुलांच्या शाळेतून आलेल्या सूचना वाचून दाखवी, हॉलच्या वेळेवरून दोन मंडळ्यांत जुंपली की मध्ये पडे. आणि गुरुवारी त्यांना गाडी शिकवी. तो दुसरा ब्रेक त्यासाठीच तिने गॅरेजवाल्याकडून शेजारच्या सीटपुढे बसवून घेतला होता.

महिन्यापूर्वी आई अशाच एका कचेरीत, कोणाच्या तरी नंबरची वाट बघत, बाकावर बसल्या बसल्या गेली. शेजारच्या बाईला वाटलं, डुलकी लागली.

मुलीला ते कळलं तेव्हा तिच्या मनात पहिलं हेच आलं की शेवटची रांगसुद्धा दुसऱ्याचीच. हे ती कोणाजवळ बोलली नव्हती. रडलीही नव्हती. ती नुसती चालत होती, ह्या खोलीतून त्या खोलीत.

दुपारी बेल वाजली. दारात पन्नाशीचा एक उंच माणूस उभा होता, किंचित वाकलेला, आणि शर्टाची इस्त्री अशी की बाह्यांच्या कडांनी बोट कापावं. हाताला साबणाचा आणि वाफेचा वास. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करणारा पाळक. आई घरात त्याला 'इस्त्रीवाले' म्हणायची. दफनाच्या दिवशी तो सगळ्यांच्या मागे उभा होता.

"आज गुरुवार," तो म्हणाला.

"हो. पण आई..."

"मला माहीत आहे. मी माती टाकली आहे." तो आपली नवी भाषा सावकाश बोले, एकेक शब्द घडी घालून ठेवल्यासारखा. "उद्या माझी परीक्षा आहे. गाडीची. तारीख मोठ्या ताईंनी, तुमच्या आईंनी, घेतली होती. अर्जावर हीच गाडी आहे. बदलता येत नाही, मी विचारून आलो."

"उद्या?"

"मी दोनदा नापास आहे. तिसऱ्यांदा झालो तर शिकाऊ परवाना रद्द, सगळं पहिल्यापासून. मग नवी तारीख कधी मिळेल, विचारलं. ते हसले."

तिने दार धरून ठेवलं होतं. आत घेतलं तर बसायला सांगावं लागेल, आणि सगळ्या खुर्च्यांवर कपडे होते. "गाडी मी विकतेय हो. परवा."

"परवा," त्याने मान हलवली. "परीक्षा उद्या आहे."

आतून मावशीचा आवाज आला, "काय चुकीचं बोलतायत ते?"

मग त्यानेच सांगितलं, दारात उभ्या उभ्या, तक्रारीचा सूर न लावता. त्याच्या मंडळीतल्या बहुतेक कुटुंबांना शहराबाहेरच्या नव्या क्वार्टर्समध्ये हलवलं होतं, भाजीच्या गोदामांच्या पलीकडे. रविवारी तिकडून बस नव्हती. चर्चची व्हॅन आवारात उभी होती, न्या म्हणाले होते, पण मंडळीत परवाना एकाकडेही नव्हता. निम्मी माणसं यायची थांबली होती. जी येत होती ती आपसात कुरकुर करत होती. आणि मागे एक म्हातारी बाई फार आजारी पडली, तेव्हा संध्याकाळी त्याला निरोप आला. तो हायवेच्या कडेने चालत गेला.

"पोचलो तेव्हा तिची गादी बाहेर वाळत घातली होती," तो म्हणाला.

मग मावशी अभ्रे बाजूला सारून बाहेर आली. "जा गं घेऊन त्यांना. इथे तरी काय दिवे लावतेयस? घर आवरते म्हणते आणि डाळीचा डबा न्हाणीघरात नेऊन ठेवलाय, पाळकसाहेब, विचारा हिला."

किल्ली दारामागच्या खिळ्यालाच होती.

चालकाशेजारच्या, आईच्या सीटवर बसताना तिला अवघडल्यासारखं झालं. सीट फार पुढे ओढलेली होती. आई बुटकी होती, हे इतक्या वर्षांत कधी असं गुडघ्याला लागलं नव्हतं. पाय आपोआप त्या दुसऱ्या ब्रेकवर गेला. पेडलवरचं रबर तिने चपलेने चाचपलं. त्याच्या खाचा नव्यासारख्या टोकदार होत्या. जणू त्यावर कोणाचा पाय कधी पडलाच नव्हता.

पाळकाने चालकाची सीट मागे घेतली, पट्टा लावला, आरसा हलवला, किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि एकदाची धडधडायला लागली. मग त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, डोळे मिटले आणि मान खाली घातली.

ती वाट बघत राहिली. मग तिला वाटलं, ह्याला काही झालं. बाकावरची आई डोळ्यांसमोर आली आणि तिने सगळ्या ताकदीने ब्रेक दाबला, उभ्या गाडीचा.

"अहो! काय होतंय तुम्हाला?"

त्याने डोळे उघडले. "प्रार्थना."

"आता? इंजिन चालू करून?"

"मोठ्या ताई अशीच करत."

हे मात्र खरं असणार. गाडी तापल्याशिवाय चालत नसे आणि आईला रिकामं बसता येत नसे, तेव्हा तो मधला वेळ तिने देवाला देऊन टाकला असणार. बटाटे उकडेपर्यंत ती इस्त्री करायची, तसंच हे. मुलीच्या डोक्यात मग दुसरीच शंका आली आणि तिने वळून त्याच्याकडे बघितलं.

"परीक्षेलाही तुम्ही असंच केलंत?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"आणि ते परीक्षक काय म्हणाले?"

"पहिले म्हणाले, तब्येत बरी आहे ना. दुसरे काही बोलले नाहीत. त्यांनी लिहिलं." तो आठवू लागला. "'गाडी सुरू करताना लक्ष नाही.' मी मोठ्या ताईंना ते दाखवलं. त्या म्हणाल्या, तुम्ही आरसे बघत नाही. मग आम्ही खूप दिवस आरसेच बघितले."

तिला हसू फुटलं. आई गेल्यापासूनचं पहिलं, आणि ते आवरेना. माणूस शेजारी बसून डोळे मिटतोय, इंजिन धडधडतंय, परीक्षकाच्या काळजाचं पाणी होतंय, आणि इकडे आई बिचारी आरसे घोटून घेतेय. ती स्वतःच डोळे मिटून बसत असे, मग तिला ते चुकीचं दिसणार तरी कसं? पाळक शांतपणे तिचं हसणं संपायची वाट बघत होता. हसता हसताच ती एकदम रागावली.

"हे बघा. उद्या प्रार्थना करायची नाही."

त्याने आरसा पुन्हा जरासा हलवला.

"घरी करा. बसमध्ये करा. गाडीत नाही."

"तसं नाही होणार, ताई."

"का नाही होणार? देव काय फक्त ह्याच गाडीत ऐकतो?"

"देव ऐकतो," तो म्हणाला. "पण माणसं मोजायची असतात."

मग त्याने समजावलं. ते गाव सोडून निघाले ते ट्रकमधून, एकदा नाही, एका जागेहून दुसऱ्या जागी, पुष्कळदा. ट्रक जुने, सुरू होतील की नाही कोणालाच माहीत नसे. म्हणून आधी इंजिन चालू करायचं. ते धरलं की पाळकाने डोळे मिटून गाडीतल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, आणि ज्याचं त्याने अंधारातून 'आहे' म्हणायचं. बाया, म्हातारे, तान्ह्या पोरांच्या वतीने त्यांच्या आया. सगळी नावं झाली की आमेन, आणि आमेन झाल्याशिवाय ड्रायव्हरने गिअर टाकायचा नाही. डोळे मिटायचे, कारण डोळ्यांना गर्दी दिसते आणि गर्दीत एक कमी असला तर कळत नाही. नावं घेतली की कळतं.

"पहिल्या गुरुवारी मोठ्या ताईंनी इंजिन चालू केलं आणि डोळे मिटले," तो म्हणाला. "मला वाटलं, ह्या आमच्यातल्याच."

ती समोरच्या काचेकडे बघत राहिली. काचेवर आईच्या पुसण्याचे गोल गोल फराटे होते. "आत्ता कोणाची नावं घेतलीत?"

"गाडीत जी आहेत त्यांची. माझं. आणि भिंगरीचं."

तिचे कान तापले. हे नाव घरातलं होतं. लहानपणी ती एका जागी बसत नसे म्हणून आईने ठेवलेलं, आणि आईखेरीज ते कोणी घेत नसे. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मोठ्या ताई प्रार्थनेत म्हणत. गाडीत नसलेल्यांमध्ये ते पहिलं नाव असे." तो थोडा ओशाळला. "आम्हाला तुमचं दुसरं नाव माहीतच नाही."

आम्हाला. म्हणजे तो, शिवणवाल्या बाई, पहारा देणारे, सगळेच पाळक. अनोळखी माणसं गुरुवारच्या गुरुवारी तिला भिंगरी म्हणून देवापुढे उभी करत होती, आणि ती त्या वेळी शाळेत भूगोलाचे पेपर तपासत बसलेली. लाज वाटावी की चीड यावी, तिला ठरवता येईना.

"चला," ती म्हणाली. "गाडी काढा."

गाडी तो बरी चालवत होता. जरा जास्तच सांभाळून, मागे एखाद्याला झोप लागली असावी तशी. गल्लीतून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागले तसा तो म्हणाला, "आता पंपापर्यंत मी बोलतो. मग तुम्ही, चालेल?"

"कसला पंप?"

तेही तिला आजच कळायचं होतं. आईचा गाडीतला एक नियम होता. घरापासून पुलापलीकडच्या पेट्रोल पंपापर्यंत स्वतःचं बोलायचं. मंडळीतल्या कोणाचं दुखणं नाही, कोणाचा कागद नाही, हॉलचं भांडण नाही. झोप लागते का, दाढ दुखते का, बायकोशी बोलणं आहे का, एवढंच. मंडळीचं सगळं पंपानंतर. सुरुवातीला पाळक लोकांना पंपापर्यंत बोलायला काही सुचतच नसे. शिवणवाल्या बाई म्हणे पहिले कित्येक गुरुवार नुसत्या हवेबद्दल बोलल्या. पण गाडीत समोर बघायचं असतं, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. हळूहळू तोंड उघडलं.

"आणि आई काय करायची? नुसती ऐकायची?"

"नाही. अर्धा रस्ता आम्ही, अर्धा त्या. नियम सगळ्यांना सारखा."

तिचा पाय पुन्हा पेडलवर गेला. आई स्वतःचं बोलायची? घरी तर विचारलं की 'मला काय धाड भरलीय' हे एकच उत्तर ठरलेलं. "काय बोलायची आई?"

पाळकाने समोरची नजर काढली नाही. "पंपापर्यंतचं पंपापुढे नेत नाही, ताई."

"अहो, पण ती आता नाहीये!"

"म्हणून तर."

"मी मुलगी आहे तिची. तिला काही होत होतं का? छातीत दुखतं वगैरे काही बोलली होती का? माझ्याबद्दल काही..."

"समोर सिग्नल आहे," तो म्हणाला आणि हळूच गाडी थांबवली.

तिला दार उघडून उतरावंसं वाटलं. ह्या माणसाच्या डोक्यात, त्या घडी घातलेल्या शब्दांखाली, आईचे कितीतरी गुरुवार ठेवलेले होते आणि त्यातली एक घडीसुद्धा तो उलगडणार नव्हता. ती एकदा चिडून बोलली, एकदा गोड बोलली. शेवटी म्हणाली, "एवढं सांगा, ती सुखी होती का?" त्यावर तो इतका वेळ गप्प राहिला की पंप येऊन मागे गेला.

"आता मंडळीचं," तो म्हणाला.

मग तिने आपला सगळा वैताग शिकवण्यात घातला. गोदामांच्या बाजूला एक मोकळं आवार होतं, तिथे त्याला पुन्हा पुन्हा गाडी बंद करून चालू करायला लावली. किल्ली फिरली की त्याचे डोळे मिटत. तो मुद्दाम करत नव्हता. हात गेला की पापण्या खाली येत.

"डोळे!"

तो डोळे उघडी.

"बंद करा गाडी. पुन्हा."

किल्ली. खोकला. पापण्या.

"डोळे! अहो, तुम्हाला झोपेचा रोग आहे असं लिहितील ते!"

"बाहेर उभं राहून नावं घेतली तर?" त्यानेच सुचवलं, आणि त्यानेच मान हलवली. "पण बाहेर असताना गाडीत कोणीच नसतं."

"मग उघड्या डोळ्यांनी घ्या."

"उघड्या डोळ्यांनी मला रस्ता दिसतो."

"रस्ताच बघायचाय, देवा रे!"

"बघा, तुम्हीही घेतलंत नाव," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरासा हसला.

ती खाली उतरली. गाडीभोवती एक फेरी मारली, मग आणखी एक. हा उद्या पुन्हा डोळे मिटणार, आणि एक चांगला माणूस आपल्याच देवामुळे नापास होणार. तिसऱ्या फेरीला मागच्या काचेतून तिला आतला आरसा दिसला आणि आरशात त्याचे डोळे. तो तिच्याकडे बघत होता, ती गाडीत परत येते की नाही ते.

ती येऊन बसली. "आईने तुमच्याकडून आरसे घोटून घेतले ना? किती आरसे?"

"तीन."

"आतल्या आरशात काय दिसतं?"

"मागची सीट."

"व्हॅनमध्ये मागे कोण बसणार?"

त्याची नजर आतल्या आरशावर गेली.

"आतला आरसा बघा आणि मागच्यांची नावं घ्या. बाहेरचा एक बघा, त्या बाजूला बसणाऱ्यांची. मग दुसरा. मोजणंही होईल आणि परीक्षकाला वाटेल काय काळजीपूर्वक माणूस आहे. गर्दी दिसणार नाही, आरसे इवलेसे तर आहेत. एका वेळी एकेकच दिसेल."

पाळक बराच वेळ तिन्ही आरशांकडे आळीपाळीने बघत होता, शर्टाचं कापड पारखावं तसा. "हे चालेल की नाही, विचारावं लागेल."

"कोणाला?"

त्याने एक बोट गाडीच्या छताकडे केलं.

"उद्यापर्यंत उत्तर येईल का?"

"बघू," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर तो पंप दिसला तसं तिने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत दांडी मारून परीक्षेच्या आवारात उभी होती. डांबरावर पांढरे पट्टे, प्लास्टिकचे शंकू, जाळीचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे आपापल्या माणसाची वाट बघणारे लोक. बाक होता, पण तिला बसवेना. परीक्षक ह्या वेळी एक बाई होत्या, केस घट्ट बांधलेल्या, हातात पॅड. आई आज असती तर इथे त्या बाकावर निवांत बसली असती, पिशवीतून विणकाम काढून. तिचा विश्वास असा माणसांवर टाकलेला असे, मग तो दोनदा फसला तरी तिसऱ्यांदा तेवढाच.

पाळक गाडीत बसला. परीक्षकबाई शेजारी बसल्या. तो त्यांना काहीतरी बोलला, त्यांनी जरा चमकून त्याच्याकडे बघितलं आणि उत्तर दिलं. मग गाडी खोकली. थांबली. पुन्हा खोकली, आणि लागली.

आणि त्याची हनुवटी खाली गेली.

"नको," ती मोठ्याने म्हणाली. तिचा पाय डांबरावर इतक्या जोरात दाबला गेला की टाच दुखली. कुंपणावर हात ठेवून ती त्या काचेकडे बघत राहिली. काचेआड त्याचं डोकं तसंच वाकलेलं. परीक्षकबाईंचं पेन वर आलं.

मग डोकं वर झालं. आतल्या आरशाकडे वळलं. ओठ हलत होते. थांबून एका बाहेरच्या आरशाकडे, ओठ हलतेच. मग दुसऱ्याकडे. तिला ते सगळं इतकं लांबलेलं वाटलं की अख्खी व्हॅन भरली असती. गाडी हलली आणि फाटकातून बाहेर पडली.

ती आवाराच्या कडेने चालायला लागली. कोपऱ्यापर्यंत, परत, पुन्हा कोपऱ्यापर्यंत. फाटकावरचा पहारेकरी काही वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"ताई, परीक्षा तुमची आहे का त्यांची?"

"काय माहीत," ती म्हणाली.

"मग बसून घ्या. चालून कोणी पास झालेलं मी अजून बघितलं नाही."

ती बसली नाही. गाडी परत आली तेव्हा ती फाटकातच होती, आणि पहारेकऱ्याला तिला हात धरून बाजूला करावं लागलं.

परीक्षकबाई उतरल्या, पॅडवरचा कागद फाडून पाळकाच्या हातात दिला आणि तिच्याकडे आल्या. "तुम्ही शिकवलंत?"

"नाही. माझ्या आईने."

"पास केलंय. फार हळू चालवतात. त्याचे मार्क कापलेत. पण आरसे असे बघणारा माणूस मी बघितला नाही हो." बाईंनी आवाज खाली घेतला. "आरशांशी बोलतात का ते?"

"माणसं मोजतात," ती म्हणाली.

"माझंही नाव विचारलं आधी. मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, तुम्ही गाडीत आहात ना." बाई क्षणभर घुटमळल्या. "कोणी विचारत नाही," असं म्हणून पुढच्या गाडीकडे गेल्या.

पाळक कागद दोन्ही हातांत धरून उभा होता. त्याने त्याची घडी घातली, उलगडून पुन्हा वाचला, पुन्हा घडी घातली. शर्टाच्या पाठीवर घामाने इस्त्री पार मोडली होती.

"खाली कशाला बघितलंत आधी?" तिने विचारलं. "माझा जीव गेला होता."

"मोठ्या ताईंचं नाव राहिलं होतं," तो म्हणाला. "त्या आरशात दिसत नाहीत."

गाडीला वळसा घालून ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली. तो पट्टा लावून बसला. किल्ली, खोकला, धडधड. आतला आरसा, एक बाहेरचा, दुसरा. मग तो मान न वळवता थांबला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"तुम्ही 'आहे' म्हणाला नाहीत."

"आहे," ती म्हणाली. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "आहे."

गाडी रस्त्याला लागली. आता ती पंपाच्या उलट बाजूने येत होती, पण पंप वाटेत येणारच होता, पुलाच्या अलीकडे. पर्समध्ये फोन थरथरला. गाडीचं गिऱ्हाईक असणार, उद्याची वेळ ठरवायला. फोन थरथरून थरथरून थांबला.

"शिवणवाल्या बाईंची तारीख पुढच्या महिन्यात आहे," पाळक म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "चुकलो. हे पंपानंतरचं."

"हो, पंपानंतरचं."

"मग पंपापर्यंत तुम्ही."

"मी काय बोलू?"

"हवा चांगली आहे आज," तो म्हणाला. "तिथून सुरू करतात."

तिने समोर बघितलं. समोर बघायचं असलं की खरंच सोपं होतं, कोणी तोंडाकडे बघत नव्हतं. पुढे एक टेम्पो चालला होता, त्याच्या मागे बांधलेली ताडपत्री एका टोकाने सुटून फडफडत होती. आईने रुग्णवाहिकेत असताना एकदा सांगितलं होतं, मागे कोणी कितीही ओरडलं तरी आपण पुढे बघायचं, तेच त्याच्या कामाचं असतं. आई एवढंच सांगायची, बाकीचं पंपापर्यंत ठेवायची.

"मला तिच्या घरात बसता येत नाही," ती म्हणाली. "उभी राहते तोवर ठीक असतं. बसले की वाटतं, ती आत्ता आतून येईल आणि विचारेल, आज कशी काय बसलीस."

पाळकाने गिअर बदलला.

"आणि मला तिचा राग येतो. कोणाच्या रांगेत बसली होती तेही मला ठाऊक नाही. ज्याचा नंबर होता त्याचं काम झालं का, हेसुद्धा कोणी सांगितलं नाही."

तिचे पाय कधीतरी मागे ओढले गेले होते, सीटखाली, चपला सुटलेल्या. पेडल आपलं समोर होतं, नव्या रबराचं. आपण सलग बोलतोय, हे तिच्या लक्षात आलं. आणि गाल ओले होते, ते पुसायलाही हात वर येत नव्हता. लांबवर, टेम्पोच्या ताडपत्रीच्या वर, पंपाचा फलक दिसायला लागला.

"जरा हळू घ्या," ती म्हणाली.

पाळकाने आतल्या आरशात बघितलं, मागे कोणी नाही ना ते, आणि पाय सैल सोडला.